गजाची गोष्ट

मराठीत 'गज' या शब्दाचे अनेक अर्थ आहेत. गज म्हणजे हत्ती. खिडकीला बसवलेली लोखंडी सळई म्हणजेही गज. पूर्वी कापड गजाने मोजत असत. हा मापाचा गज तुमच्या ओळखीचा असेल, कारण तो फारसीतून उर्दूतही आला आणि मराठीतही आला. या पाठात आपण आणखी एका गजाची ओळख करून घेणार आहोत. सारंगी किंवा व्हायोलिन वाजवणारा कलावंत उजव्या हातात केस ताणून बसवलेली एक काठी धरतो. ती काठी म्हणजेही गजच. उर्दूतही तिला हेच नाव आहे.

हा गज माणसाच्या हातात कधी आला? तो प्रथम कोठे दिसला? आणि हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आज आपल्याला कशी कळते? चला, या प्रश्नांची उत्तरे शोधू या.

तार कशी गाते?

जत्रेत किंवा उरुसात मिळणारे एक खेळणे तुम्ही पाहिले असेल. मातीची छोटी वाटी, तिच्यावर ताणलेला कागद किंवा कातडे, वाटीतून आरपार गेलेली बांबूची काडी आणि तिच्यावर एक-दोन तारा. सोबत एक इवलीशी धनुकली असते. विकणारा त्या धनुकलीने सिनेमातली गाणी सहज वाजवतो. आपण मात्र ते घरी आणले, की त्यातून नुसती कुरकुर निघते!

खेळणे साधे असले, तरी गजाने वाजणाऱ्या मोठ्या वाद्यांचे सगळे भाग त्यात आहेत. वाटी हे वाद्याचे पोट. त्यात आवाज घुमतो. काडी हा वाद्याचा दांडा. डाव्या हाताची बोटे दांड्याजवळ तारेवर फिरतात आणि स्वर बदलतात. धनुकली म्हणजे गज.

सतार किंवा एकतारी आपण छेडतो. छेडलेली तार झंकारते आणि तिचा आवाज हळूहळू विरून जातो. गजाचे तसे नसते. गजाच्या केसांना राळ चोळलेली असते, त्यामुळे ते किंचित चिकट होतात. गज तारेवरून फिरला, की केस तारेला पकडतात आणि थोडेसे ओढतात. तार निसटते. केस तिला पुन्हा पकडतात, ती पुन्हा निसटते. हे एका सेकंदात शेकडो वेळा घडते. म्हणून गज फिरत असेपर्यंत आवाज तुटत नाही. गाणारा माणूस जसा एका श्वासात स्वर लांबवतो, तसा वादक गजाच्या एका ओढीत स्वर लांबवतो. सारंगीचा आवाज माणसाच्या गळ्यासारखा वाटतो, तो यामुळेच.

पुरावा कोठे शोधायचा?

आता अडचण अशी, की वाद्ये फार काळ टिकत नाहीत. लाकूड किडते, कातडे फाटते, केस झडतात. हजार वर्षांपूर्वीची सारंगी जमिनीतून खणून काढता येत नाही. मग अभ्यासक तीन ठिकाणी पाहतात. पहिले म्हणजे जुने ग्रंथ. दुसरे म्हणजे जुनी चित्रे आणि शिल्पे. तिसरे म्हणजे आजही लोक वाजवत असलेली वाद्ये. या तिघांचे म्हणणे जुळले, की गोष्ट पक्की झाली असे समजायचे.

वाद्ये जवळून पाहायची असतील, तर पुण्यात त्यासाठी चांगली जागा आहे. पुण्याच्या पश्चिमेला मुठा नदीच्या काठाने कर्वेनगर हा भाग पसरला आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९०० साली येथील हिंगणे गावी विधवा स्त्रियांसाठी आश्रम आणला. त्यांच्याच नावावरून कर्वेनगर हे नाव पडले. कर्वेनगरहून बसने शहरात आलात, की बाजीराव रस्त्याजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालय लागते. दिनकर गंगाधर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. त्यांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दरवाजे, भांडी आणि वाद्ये अशा हजारो वस्तू जमवल्या. लहानपणीच वारलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाची आठवण म्हणून त्यांनी संग्रहालयाला त्याचे नाव दिले आणि १९७५ साली हा सगळा ठेवा महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. कर्वेनगरला लागूनच कोथरूड आहे. तेथील मस्तानीच्या महालाचे अवशेषही याच संग्रहालयात आणून पुन्हा उभे केले आहेत.

या संग्रहालयात वाद्यांचे एक दालन आहे. अशा दालनात गेल्यावर तंतुवाद्यांसमोर थोडे थांबा. प्रत्येक वाद्य पाहताना स्वतःला विचारा, 'हे बोटांनी छेडायचे, की गजाने वाजवायचे?' उत्तर शोधायला वाद्याची कंबर पाहा. सारंगी मध्ये चिमटलेली असते. गज तारांवर आडवा फिरतो, त्याला दोन्ही बाजूंनी जागा लागते, म्हणून ती कंबर. छेडायच्या सतारीला अशी कंबर लागत नाही. वाद्याचा आकारच ते कसे वाजवायचे हे सांगतो. ही खूण लक्षात ठेवा. जुनी चित्रे पाहताना ती उपयोगी पडते.

धनुष्य दिसले म्हणजे गज नव्हे

पुण्याहून लोणावळ्याच्या दिशेने गेले, की मळवली स्टेशनजवळ भाजे गावाची लेणी लागतात. ती दोन हजार वर्षांहून जुनी आहेत. तेथील एका शिल्पात नाचणारी स्त्री आहे आणि तिच्याशेजारी धनुष्यासारखे वाकडे वाद्य घेतलेला वादक आहे. सम्राट समुद्रगुप्ताच्या चौथ्या शतकातील सोन्याच्या नाण्यांवरही राजा असेच वाद्य मांडीवर घेऊन बसलेला दिसतो. येथे घाई केली, तर आपण फसू. हे वाद्य धनुष्याच्या आकाराचे आहे, पण ते गजाने वाजत नाही. त्याच्या तारा बोटांनी किंवा छोट्या काडीने छेडत. प्राचीन काळी यालाच वीणा म्हणत. अजिंठ्याच्या चित्रांत बासरी, झांजा, ढोल आणि वीणा दिसतात. गज मात्र स्पष्ट दिसत नाही.

म्हणून चित्रात काठी दिसली, की अभ्यासक तीन गोष्टी तपासतात. काठी तारांवर आडवी टेकलेली आहे काय? काठीला केस किंवा दोरी ताणलेली आहे काय? आणि वादकाचा डावा हात दांड्यावर स्वर दाबतो आहे काय? तिन्हींचे उत्तर 'होय' असेल, तरच तो गज.

ही कसोटी लावून अभ्यासकांनी दक्षिण भारतातील काही मंदिरशिल्पे दाखवली आहेत. विजयवाडा येथील मल्लिकार्जुन मंदिरातील दहाव्या शतकातील शिल्प आणि चिदंबरम येथील नटराज मंदिरातील बाराव्या शतकातील शिल्प ही त्यांपैकी दोन. या शिल्पांत वादक गजाने वाद्य वाजवताना दिसतो. याचा अर्थ असा, की सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे गज वापरात आलेला होता.

देवगिरीचा साक्षीदार

आता ग्रंथ काय म्हणतो ते पाहू. त्यासाठी आपल्याला मराठवाड्यात जावे लागेल. आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ देवगिरीचा किल्ला आहे. पुढे १३२७ साली मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी येथे हलवली. दौलताबाद म्हणून हा किल्ला तुम्हांला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत असेलच. त्याच्याही आधी, तेराव्या शतकात, येथे यादव राजा सिंघण याची सत्ता होती. त्याच्या दरबारात शार्ङ्गदेव नावाचा विद्वान होता. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. दरबारात तो हिशेबाचे काम पाही आणि संगीताचा अभ्यास करी. त्याने 'संगीतरत्नाकर' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्याचे सात अध्याय असून सहावा अध्याय वाद्यांवर आहे.

त्या अध्यायात 'पिनाकी' नावाच्या वीणेचे वर्णन येते. पिनाक हे शंकराच्या धनुष्याचे नाव. ही वीणा धनुष्यासारखी असे आणि ती वाजवायला दुसरी छोटी धनुकली लागे. त्या धनुकलीला घोड्याच्या शेपटीचे केस लावत. आजही सारंगीच्या आणि व्हायोलिनच्या गजाला घोड्याच्याच शेपटीचे केस असतात! आठशे वर्षांत सामान बदलले नाही. शार्ङ्गदेवाने पाहिलेली पिनाकी आज उरलेली नाही. पण त्याने ती जपून लिहून ठेवली, म्हणून महाराष्ट्रात त्या काळी गज माहीत होता हे आपण खात्रीने सांगू शकतो.

सारे जग एका गजाच्या धाग्यात

त्याच सुमारास दूरच्या देशांतही गज दिसू लागला होता. तत्त्वज्ञ अल-फाराबी याचा मृत्यू इ.स. ९५० मध्ये झाला. त्याने अरबी भाषेत 'किताब अल-मूसिकी अल-कबीर' हा संगीतावरचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात रबाबाची माहिती आहे, आणि तारा घासून वाजवण्याचाही उल्लेख आहे. इटलीतील फ्लॉरेन्स शहराच्या संग्रहालयात दहाव्या-अकराव्या शतकातील एक हस्तिदंती पेटी आहे. तिच्यावर गजाने वाद्य वाजवणारी एक आकृती कोरलेली आहे. स्पेनचा राजा दहावा आल्फोन्सो याच्या दरबारात तेराव्या शतकात गीतांचे एक सचित्र हस्तलिखित तयार झाले. त्यातील लघुचित्रांत वादकच वादक आहेत, आणि काहींच्या हातात गज आहे. अरबांचा हा गजाने वाजणारा रबाब युरोपात गेला आणि त्याला तेथे 'रेबेक' म्हणू लागले.

येथे आणखी एक सावधगिरी बाळगायची. नावावरून वाद्य ठरवू नये. अरबस्तानातील रबाब गजाने वाजतो, तर अफगाणिस्तानातील रबाब छेडून वाजवतात. नाव एक, वाद्ये दोन! उलट नावे कधी कधी खरी वाटही दाखवतात. फारसीत 'कमान' म्हणजे धनुष्य आणि 'कमानचा' म्हणजे छोटे धनुष्य. इराणचा कमानचा गजाने वाजतो. राजस्थानातील मांगणियार कलावंत जे वाद्य वाजवतात, त्याचे नाव 'कमायचा'. दोन्ही नावे शेजारी ठेवा, म्हणजे शब्द आणि वाद्ये एकाच वाटेने प्रवास करतात हे कळेल.

व्हायोलिनची गोष्ट तर फारच गमतीची आहे. आज अस्तित्वात असलेली सर्वांत जुनी व्हायोलिने इटलीतील आंद्रेआ आमाती या कारागिराने सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर बनवलेली आहेत. पण गाउदेन्त्सिओ फेर्रारी या चित्रकाराने त्याआधीच, १५३० च्या सुमारास, एका चर्चसाठी काढलेल्या चित्रात एक बाळदेवदूत व्हायोलिन वाजवताना दाखवला आहे. त्या व्हायोलिनला तीनच तारा आहेत. ते व्हायोलिन गेले, पण त्याचे चित्र राहिले. म्हणजे येथे चित्र हे वाद्यापेक्षाही जुने ठरले!

काही लोक म्हणतात, रावणाने रावणहत्ता बनवला आणि त्यापासून जगातली सारी गजवाद्ये जन्मली. रावणहत्ता हे राजस्थान-गुजरातमधील नारळाच्या करवंटीचे सुंदर वाद्य आहे. त्याच्या गजाला घुंगरू बांधतात. पण रावणाची गोष्ट ही दंतकथा आहे. भारत, मध्य आशिया, अरबस्तान आणि युरोप या सर्व ठिकाणी गजाचे स्पष्ट पुरावे साधारण नवव्या ते बाराव्या शतकांत मिळू लागतात. व्यापारी, प्रवासी आणि फकीर यांच्याबरोबर वाद्ये या देशातून त्या देशात जात होती, एवढे नक्की.

चित्रात कोण दिसते, कोण दिसत नाही?

अकबराच्या दरबारातील अबुल फज्ल याने 'आईन-ए-अकबरी' या ग्रंथात दरबारच्या कलावंतांची यादी दिली आहे. त्यात घिचक वाजवणारे कलावंत आहेत. घिचक हे मध्य आशियातील गजाने वाजणारे वाद्य. सारंगीविषयी तो लिहितो, की ती रबाबापेक्षा लहान असते आणि घिचकासारखी वाजवतात.

तरीही राजेलोकांच्या चित्रांत सारंगी क्वचितच दिसते. विजापूरचा सुलतान दुसरा इब्राहिम आदिलशाह संगीताचा मोठा चाहता होता. त्याने दख्खनी भाषेत 'किताब-ए-नौरस' लिहिले. त्याचा 'मोतीखान' नावाचा लाडका तंबूर होता. हातात तंबुरासारखे वाद्य घेतलेली त्याची चित्रे प्रसिद्ध आहेत. तंबूर छेडण्याचे वाद्य आहे. सारंगी मात्र त्या काळच्या चित्रांत बहुतेक वेळा फकिरांच्या, जोग्यांच्या आणि गावोगाव फिरणाऱ्या गायकांच्या हातात दिसते.

यावरून काय कळते? चित्रकार दरबारात काम करी. ज्याने पैसे दिले, त्याला तो मध्यभागी बसवी. गरिबाचे वाद्य चित्राच्या कोपऱ्यात जाई, किंवा चित्रात येतच नसे. म्हणून चित्रात एखादी वस्तू नाही, याचा अर्थ ती जगातही नव्हती असा घेऊ नये.

हा भेदभाव चित्रापुरताच राहिला नाही. सारंगी बनवणे आणि वाजवणे दोन्ही अवघड आहे. ती एका अखंड लाकडातून कोरतात. तिला तीन मुख्य तारा आणि पस्तीसच्या आसपास तरफेच्या तारा असतात. वादक तारेवर बोटांची टोके ठेवत नाही, तर नखांच्या मुळांनी तार दाबतो. तेथे घट्टे पडतात. इतके कष्ट करूनही सारंगीवाल्याला मैफलीत मागे बसावे लागे. त्याला गायकाएवढा मान मिळत नसे. पुढे हार्मोनियम आले. ते शिकायला सोपे होते. सारंगी आणखी मागे पडली.

पण महाराष्ट्राने सारंगीची थोरवीही पाहिली आहे. किराना घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांचे शिक्षण सारंगीवादकांच्या घराण्यात झाले. ते पुण्यातही राहिले आणि मिरजेत त्यांची कबर आहे. त्यांच्या गाण्यातला लांब, न तुटणारा स्वर ऐकला, की सारंगीचा गज आठवतो. बालगंधर्वांच्या नाटकांना कादरबक्ष यांच्या सारंगीची साथ असे. मुंबईचे पंडित राम नारायण (१९२७–२०२४) यांनी साथ सोडून सारंगी एकट्याने व्यासपीठावर वाजवली आणि ती जगभर नेली. मागे बसणारे वाद्य त्यांनी पुढे आणून बसवले.

वादकाच्या हाती कुंचला

शेवटी विदर्भाकडे आणि त्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशाकडे वळू. गोंड समाजात परधान नावाचे परंपरागत गायक आहेत. ते देवांच्या आणि पूर्वजांच्या कथा गातात आणि सोबत तीन तारांचे गजवाद्य वाजवतात. त्याला काही भागांत 'किंगरी' किंवा 'किकरी' आणि मंडला भागात 'बाना' म्हणतात. कथा लिहिलेली नसते. ती गायकाच्या स्मरणात आणि बान्याच्या स्वरात राहते.

मंडला भागातील पाटनगढ गावच्या परधान कुटुंबात जनगढसिंह श्याम (१९६२–२००१) हा तरुण होता. १९८१ च्या सुमारास भोपाळच्या भारत भवनाच्या कलावंतांना त्याने भिंतींवर काढलेली चित्रे दिसली. त्यांनी त्याला भोपाळला नेले. गाण्यातले देव, झाडे आणि प्राणी त्याने रंगांत आणले. पुढे त्याच्या समाजातील अनेक जण चित्रकार झाले आणि त्यांच्या चित्रांत बानाही दिसू लागला. पूर्वी दरबारी चित्रकार वादकाला कोपऱ्यात बसवत होता. आता वादकाच्या घरातला माणूसच कुंचला हाती घेऊन आपले वाद्य मध्यभागी रंगवू लागला.

मुलांनो, तुमच्या घरी, मोहल्ल्यात किंवा गावी कोणी जुने वाद्य वाजवत असेल. त्याचे नाव, तारा, लाकूड आणि वाजवण्याची रीत त्यांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. जमेल तसे त्याचे चित्रही काढा. चित्र काढताना हात कोठे आहे आणि गज कसा धरला आहे हे नीट दाखवा. शार्ङ्गदेवाने पिनाकीसाठी जे केले, ते तुम्हीही तुमच्या ओळखीच्या वाद्यासाठी करू शकता.

स्वाध्याय

१. छेडलेल्या तारेचा आवाज आणि गजाने वाजवलेल्या तारेचा आवाज यांत काय फरक आहे?
२. चित्रातील काठी गजच आहे हे ठरवण्यासाठी कोणत्या तीन गोष्टी तपासाव्यात?
३. 'नावावरून वाद्य ठरवू नये' असे लेखात का म्हटले आहे?
४. गज, कमान, तार, साज हे शब्द उर्दूत कोणत्या अर्थाने वापरतात ते सांगा. प्रत्येक शब्द वापरून एक मराठी वाक्य लिहा.
५. जुन्या चित्रांत सारंगीवादक कमी का दिसतात, ते तुमच्या शब्दांत लिहा.